राहत्या घराच्या कर्जावर टॉप-अप काढून दुसरा फ्लॅट घ्यावा का?

तळजाईकर

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, पण या वेळी सल्ला हवाय.

वारज्यात २ बीएचके आहे, २०१५ मध्ये ४२ लाखांना घेतलेला. तेव्हा २८ लाखांचं कर्ज काढलं होतं. आता १९ लाख बाकी आहेत, ९ वर्षं उरलीत, दर ९.१ टक्के, हप्ता २५,८०० च्या आसपास. कर्ज एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं आहे. शेजारच्या विंगमधला तसाच फ्लॅट नुकताच ८८ लाखांना गेला.

एका एजंटाने पुढचा प्रस्ताव आणलाय. कर्ज एका बँकेकडे वळवायचं, ७.६ टक्क्यांनी. त्यावरच ४२ लाखांचा टॉप-अप, म्हणजे त्याच घराच्या तारणावर वाढीव कर्ज, ८.१ टक्के, १५ वर्षांसाठी. माझ्याकडचे १४ लाख घालून रावेतला रिसेलचा २ बीएचके घ्यायचा, ५२ लाखांना. बायकोच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्क ७ ऐवजी ६ टक्के, नोंदणीचे ३० हजार, म्हणजे सगळं मिळून साडेपंचावन्न लाखांत बसतं. भाडं १८ हजार येईल असं म्हणतो.

शिवाय जुन्या १९ लाखांची मुदत पुन्हा २० वर्षं करून देतो म्हणतोय. म्हणजे तो हप्ता २५,८०० वरून थेट १५,४०० वर. वाचलेले १० हजार आणि भाडं मिळून टॉप-अपचा हप्ता बराचसा सुटतो.

पाडव्याच्या आधी टोकन द्यायचंय. नोकरी आयटीत, वय ४२, एक मुलगी सातवीत. असं कुणी केलंय का? काय अनुभव?

टवाळ_पुणेकर

वहिनींच्या नावावर घर, तुमच्या नावावर हप्ता. पुणेरी समानता हीच. :)

जोशीकाका_निवृत्त

आयुष्य बँकेच्या कर्ज विभागात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कर्ज वळवणं आणि दुसरा फ्लॅट घेणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. एजंटाने ते एका फाइलीत बांधून दिलेत, कारण त्याचं कमिशन वाटप झालेल्या रकमेवर असतं. १९ लाखांवर मिळणारं कमिशन आणि ६१ लाखांवर मिळणारं, यात फरक आहे ना?

पहिला निर्णय सोपा आहे. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, फेब्रुवारी २०२५ पर्यंत ६.५ होता, डिसेंबर २०२५ मध्ये तो ५.२५ वर आला. बँकांची १ ऑक्टोबर २०१९ नंतरची बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधलेली असतात, त्यामुळे ही कपात तिथल्या कर्जदारांना तीनेक महिन्यांत मिळते. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही. त्यांचा स्वतःचा दर असतो आणि तो चढताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतो, उतरताना मात्र कठडा धरून.

पण वळवण्याआधी आहे त्या कंपनीला दर कमी करा म्हणून ईमेल टाका. थोडी कन्व्हर्जन फी घेऊन नवीन गिऱ्हाइकाचा दर जुन्याला देतात. हे ते आपणहून सांगत नाहीत. नाही ऐकलं तर फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल त्याचं पत्र) मागा. ते मागितलं की दुसऱ्या दिवशी गोड आवाजात फोन येतो, हा माझा नेहमीचा अनुभव. व्यक्तीच्या नावावरच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, त्यामुळे त्याची धास्ती नको.

दुसऱ्या निर्णयाबद्दल नंतर लिहितो, चहा झालाय.

अनघा_क

काका चहा पिताहेत तोवर मी आकडे मांडते, कारण त्या '१५,४०० हप्ता' प्रकाराने माझं डोकं फिरलंय.

१९ लाख, ९ वर्षं, ९.१ टक्के: हप्ता साधारण २५,८३०.
१९ लाख, ९ वर्षं, ७.६ टक्के: हप्ता साधारण २४,३४०.

कर्ज वळवण्याचा खरा फायदा एवढाच. महिन्याला दीड हजार, ९ वर्षांत १.६ लाख. त्यातून प्रोसेसिंग फी, वकिलाची फी, मूल्यांकन, गहाणाचं मुद्रांक शुल्क वजा करा. तरीही फायदा उरतो, करण्यासारखं आहे.

आता तेच १९ लाख, ७.६ नेच, पण २० वर्षं: हप्ता १५,४२०. एकूण भरणा ३७ लाख. ९ वर्षांत फेडले तर एकूण भरणा २६.३ लाख. म्हणजे 'वाचलेले' १० हजार हे जवळजवळ पावणेअकरा लाख जादा भरून विकत घेतलेले आहेत. आणि तळजाईकर, तुमचं वय ४२. ५१ व्या वर्षी फिटणारं कर्ज ६२ पर्यंत जाणार. आयटीत.

शून्य_शिल्लक

+१. 'आयटीत' या एका शब्दात सगळं आलं.

तळजाईकर

@काका, @अनघा धन्यवाद. मुदत वाढवायची नाही हे पटलं. ९ वर्षंच ठेवेन. कंपनीला ईमेल टाकलाय.

@टवाळ, बायकोही कमावते, सहकर्जदार तीच आहे.

फ्लॅटचं मात्र सांगा. भाड्याचं उत्पन्न हा हेतू आहे, शिवाय मुलीच्या शिक्षणाच्या वेळी विकता येईल.

डोंबिवली_फास्ट

इथे सगळे घाबरवणार, म्हणून उलट बाजू सांगतो. मी २०१२ मध्ये हेच केलं. डोंबिवली पूर्वेच्या राहत्या घरावर टॉप-अप काढून कल्याण पश्चिमेला १ बीएचके घेतला. तेव्हा भाडं ६,५०० आणि हप्ता त्याच्या दुपटीहून जास्त. सासरे म्हणाले, जावई वेडा झालाय. आज भाडं १६ हजार आहे, हप्ता संपत आला, आणि मुलगा कॉलेजला तिथूनच जवळ पडतं म्हणून पुढच्या वर्षी तिकडे राहायला जाईल.

म्युच्युअल फंडात टाकले असते तर जास्त झाले असते, माहीत आहे, कृपया एक्सेल पाठवू नका. माझा स्वभाव असा आहे की खात्यात पैसा दिसला की तो खर्च होतो. हप्ता होता म्हणून बचत झाली. पगारदार मराठी माणसाची निम्मी मालमत्ता अशीच उभी राहिलेली आहे.

फक्त एक: भाड्याने हप्ता भागेल हे गणित पहिली १० वर्षं सोडून द्या. खिशातून भरायची तयारी असेल तरच उडी मारा.

शेअरखोर

एक्सेल पाठवत नाही, पण राहवत नाही.

४२ लाख, ८.१ टक्के, १५ वर्षं: हप्ता ४०,३८०. भाडं १८ हजार, त्यातून सोसायटीचं मेंटेनन्स आणि घरपट्टी जाऊन १५,५००. दर महिन्याला खिशातून २५ हजार. राहत्या घराचा २४,३४० वेगळा. दोन हप्ते मिळून महिन्याला ६४,७००.

पहिल्या वर्षाचं व्याज ३.४ लाख. हातात येणारं भाडं १.८६ लाख, तेही घर एकही महिना रिकामं राहिलं नाही तर. घराची किंमत वर्षाला ५ टक्के वाढली असं धरलं तर २.६ लाख. बेरीज-वजाबाकी करून हाती १.०६ लाख. एक महिना घर रिकामं राहिलं की ८८ हजार. तुमचे १४ लाख साडेसहा टक्क्यांच्या एफडीत झोपून राहिले असते तरी ९१ हजार मिळाले असते. त्यासाठी राहत्या घरावर बोजा चढवायचा?

डोंबिवली_फास्ट

५ टक्के का? माझ्या घराची किंमत १४ वर्षांत अडीचपट झाली.

शेअरखोर

१४ वर्षांत अडीचपट म्हणजे वर्षाला पावणेसात टक्के. तुम्हीच मोजा.

डोंबिवली_फास्ट

म्हटलं होतं ना एक्सेल नको.

टवाळ_पुणेकर

मध्ये पडू नका कुणी. पावणेसात टक्के या सुखद धक्क्यातून ते सावरताहेत.

यारा_काठी

मेलबर्नहून. तुम्ही जे म्हणताय ते आमच्याकडे ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर रोज चालतं. राहत्या घराची किंमत वाढली की कर्ज नव्याने करून घ्यायचं, वाढलेल्या किमतीतला काही भाग वेगळ्या खात्यात काढायचा आणि तो दुसऱ्या घराचं डाउनपेमेंट म्हणून वापरायचा. कर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवलं की तारणाचा वेगळा विमा भरावा लागत नाही, म्हणून सगळे ती रेषा सांभाळतात. भाड्यापेक्षा खर्च जास्त झाला तर तो तोटा पगारातून वजा होतो. याला इथे निगेटिव्ह गिअरिंग म्हणतात, आणि त्यावर निवडणुकाही लढवल्या गेल्यात.

पण २०२२ विसरता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा (इथल्या) दर मे २०२२ च्या आधी ०.१० होता, नोव्हेंबर २०२३ पर्यंत ४.३५. ज्यांची दोन-तीन घरं एकाच बँकेकडे एकमेकांत अडकवून गहाण होती, त्यांना एक विकायचं तर बँक बाकीच्यांचंही मूल्यांकन करायची. तेव्हापासून इथला प्रत्येक शहाणा ब्रोकर सांगतो की तारणं वेगवेगळी ठेवा.

आणि कर वजावट कशावर मिळते ते ठरतं पैसा कशासाठी वापरला यावर, तारण काय ठेवलं यावर नाही. भारतातही तसंच आहे का? इथले लोक काढलेले पैसे पगाराच्या खात्यात मिसळतात आणि मग कर विभागासमोर घाम फुटतो.

हिशेबनीस

@यारा_काठी, इथेही बऱ्याच अंशी तसंच. घर घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज त्या घराच्या उत्पन्नातून वजा होतं, मग तारण कुठलंही असो. म्हणून तळजाईकर, घ्यायचंच ठरवलं तर टॉप-अपची रक्कम बचत खात्यात फिरवत बसू नका. ती थेट विक्रेत्याला गेली पाहिजे आणि मंजुरीपत्रात हेतू 'घर खरेदी' असा आला पाहिजे. 'वैयक्तिक गरज' असं छापून आलं तर पुढे खुलासे करत बसाल.

आणखी एक. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर आणि हप्ता तुमच्या खात्यातून, असं असेल तर व्याजाची वजावट आणि भाड्याचं उत्पन्न कुणाच्या खाती, यावरून गुंता होतो. तुमच्या पैशाने पत्नीच्या नावावर घेतलेल्या घराचं भाडं तुमच्याच उत्पन्नात धरलं जाऊ शकतं. १ टक्का मुद्रांक वाचवण्याआधी हे सीएकडून नीट लिहून घ्या.

आता मूळ कर. वर्षाचं भाडं २.१६ लाख, घरपट्टी वजा, उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट, म्हणजे करपात्र साधारण १.४४ लाख. समोर व्याज ३.४ लाख. घराच्या खाती तोटा २ लाखांच्या जरासा आत.

नव्या करप्रणालीत भाड्यावर कर शून्य होईल, पण उरलेला तोटा पगारातून वजा होत नाही. जुन्या प्रणालीत होतो, मात्र सगळी घरं मिळून वर्षाला २ लाखांपर्यंतच. तुमच्या राहत्या घराचं १.४ लाख व्याजही त्याच २ लाखांत बसवायचं, म्हणजे दुसऱ्या घराला तिथे ६० हजारांचीच जागा उरते. उरलेला तोटा ८ वर्षं पुढे ओढता येतो, तोही घराच्याच उत्पन्नासमोर. 'दुसरं घर घ्या आणि कर वाचवा' हा सल्ला २०१७ च्या अर्थसंकल्पाबरोबर संपला. एजंटांपर्यंत बातमी पोचलेली नाही.

आणि किंमत ५० लाखांच्या वर आहे, तेव्हा विक्रेत्याला देताना १ टक्का टीडीएस कापून भरायचा. ५२ हजार. ही तुमची जबाबदारी, विक्रेत्याची नाही.

भाडेकरू_कायमचा

अवांतर: रावेतला १८ हजार भाडं कुटुंबाला दिलं तर. सोसायट्या बॅचलरना देऊ देत नाहीत आणि तिकडे भाड्याने राहणारे निम्मे बॅचलरच.

अनघा_क

अवांतरात भर: आमच्या सोसायटीने बॅचलर ठेवले म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क) दुप्पट लावला होता. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर तो लावता येत नाही, २००१ चा शासन निर्णय आहे. छापून कमिटीपुढे ठेवला. सेक्रेटरी म्हणाले, "इतका जुना कागद कसा चालेल?"

टवाळ_पुणेकर

सेक्रेटरी स्वतः २००१ पासून आहेत, ते चालतात.

मुळाकाठ

मला एक मूलभूत शंका आहे, अजून कुणी विचारली नाही.

५२ लाखांचा फ्लॅट. त्यावर सरळ गृहकर्ज काढलं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४१ लाख ६० हजार मिळू शकतात. दर ७.६ च्या आसपास, मुदत २० वर्षं, तारण तोच फ्लॅट. राहतं घर जिथल्या तिथे. तुमचे १४ लाख घातले की पूर्ण. मग अर्धा टक्का महाग टॉप-अप, तोही राहत्या घरावर, कशासाठी?

शेअरखोर

अरेच्चा. हे माझ्या नजरेतून कसं निसटलं?

जोशीकाका_निवृत्त

मुळाकाठ, तुम्ही आमच्या शाखेत असायला हवे होतात. मी हेच लिहायला बसलो होतो. तळजाईकर, या प्रश्नाचं उत्तर द्या, मग पुढे बोलू.

तळजाईकर

बरोबर आहे. सुरुवातीला लिहिलं नाही कारण मला ते गौण वाटलं होतं. त्या फ्लॅटवर दोन बँकांनी कर्ज द्यायला का-कू केली. इमारतीला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे, पण पार्ट ओसी, म्हणजे काही भागापुरताच. पहिल्या सहा मजल्यांना भोगवटा मिळालाय, फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. बिल्डरचा आणि महापालिकेचा कसलासा वाद आहे, लवकरच सुटेल असं ब्रोकर म्हणतो. लोक २०१८ पासून राहताहेत, पाणी-वीज सगळं आहे. त्यामुळेच तर ५२ ला मिळतोय, खालच्या मजल्यावरचे ६० च्या पुढे गेलेत.

शून्य_शिल्लक

🙏

अनघा_क

बाप रे. म्हणजे ज्या घरावर बँक स्वतःचे पैसे लावायला तयार नाही, त्यासाठी तुम्ही मुलगी ज्या घरात झोपते ते घर गहाण टाकताय.

आणि 'मुलीच्या शिक्षणाच्या वेळी विकता येईल' म्हणालात ना? तुमच्या गिऱ्हाइकाचीही बँक तेव्हा हेच म्हणणार. मग त्यालाही आपलं घर गहाण टाकावं लागेल. रोखीवाला किंवा टॉप-अपवाला, याखेरीज गिऱ्हाईक नाही.

डोंबिवली_फास्ट

दुसऱ्या घराच्या बाजूने मी एकटाच बोलत होतो, पण इथे मीही हात टेकले. माझ्या कल्याणच्या घरावर बँक कर्ज द्यायला तयार होती, मी टॉप-अप फक्त डाउनपेमेंटपुरता काढला होता.

पिंपरीचा_पोऱ्या

इतकं घाबरायचं कारण नाही. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये ओसी नसलेल्या इमारतींत हजारो लोक राहतात, भाडी येतात, खरेदी-विक्री होते. वर्षानुवर्षं शास्तीकराची (बेकायदा बांधकामावरच्या दंडाच्या कराची) टांगती तलवार होती, तीही २०२३ मध्ये माफ झाली. आठ लाख स्वस्त मिळतोय, भाडं तेच येणार. भाडेकरू ओसी विचारत नाही.

दस्तऐवजी

@पिंपरीचा_पोऱ्या, शास्तीकर माफ झाला म्हणजे बांधकाम नियमित झालं असं नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या. चिखलीत इंद्रायणीच्या पूररेषेतले बंगले मे २०२५ मध्ये पाडले, तिथेही लोक राहतच होते. या इमारतीचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. सातव्या मजल्याचं नेमकं काय अडलंय, यावर सगळं अवलंबून आहे. अग्निशमन दलाचा दाखला, पार्किंगची जागा, न भरलेलं शुल्क असं काही असेल तर सुटू शकतं. मंजूर नकाशाच सहा मजल्यांचा असेल तर अवघड.

तळजाईकर, ब्रोकरवर अवलंबून राहू नका. स्वतः बघायच्या गोष्टी:

महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्प शोधा. १ मे २०१७ ला पूर्णत्वाचा दाखला नसलेल्या चालू प्रकल्पांना नोंदणी सक्तीची होती, आणि ताबा २०१८ चा आहे, तेव्हा तो तिथे असायला हवा. नसेल तर तेही एक उत्तरच आहे. असेल तर मंजूर मजले किती ते बघा, तक्रारी बघा. विक्रेत्याकडून बांधकाम परवानगीची आणि पार्ट ओसीची पूर्ण प्रत मागा, फोटो नको. पार्ट ओसीच्या पत्रात कुठल्या सदनिकांना दिला आणि कुठल्या का वगळल्या हे लिहिलेलं असतं. बांधकाम परवानगी विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपये आणि ३० दिवस. तेवढा वेळ विक्रेता थांबत नसेल तर ती त्याची अडचण.

आणि टोकन अजिबात देऊ नका. 'टोकन परत मिळतं' असं फक्त घेणारा म्हणतो.

पिंपरीचा_पोऱ्या

मान्य, नकाशा बघायला हवा. पण सगळ्या पार्ट ओसीवाल्या इमारतींना एकाच मापाने मोजू नका एवढंच म्हणणं. माझ्या मावशीच्या इमारतीला पाच वर्षांनी पूर्ण ओसी मिळाला आणि भाव उसळला.

जोशीकाका_निवृत्त

मिळतोही. पण तोवर जोखीम कुणी सोसायची? मावशींनी राहायला घेतलं असणार. इथे भाड्यासाठी, कर्जाने, दुसऱ्याच घराच्या तारणावर.

टॉप-अप सहज मिळतो म्हणून त्याची भीती वाटत नाही, ही खरी अडचण. ऑगस्ट २०२४ च्या पतधोरणाच्या वेळी तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी याच कर्जांवर बोट ठेवलं होतं. काही संस्था टॉप-अप देताना तारणाचं प्रमाण आणि पैशाचा वापर नीट तपासत नाहीत, आणि तो पैसा सट्ट्यात जाऊ शकतो, असा सूर होता. तुम्हाला गृहकर्ज नाकारलेल्या दोन बँका आणि टॉप-अप द्यायला तयार असलेली ही बँक, यांच्यात फरक एवढाच की तिसरीने तो फ्लॅट बघितलेलाच नाही. तिला बघायची गरजही नाही, तिच्याकडे वारजे आहे.

आणि आणखी एक व्यवहाराची गोष्ट, जी एजंट सांगत नाही. नवी बँक आधी जुन्या कंपनीच्या नावे डिमांड ड्राफ्ट देते. मग जुनी कंपनी मूळ दस्त सोडते. हे दस्त शाखेत नसतात, कुठल्यातरी गोदामात असतात, तिथून यायला वेळ लागतो. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद द्यायचे, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे, पण ३० दिवस म्हणजे ३० दिवस. कित्येक बँका मूळ दस्त हातात पडल्याशिवाय टॉप-अपचा चेक सोडत नाहीत. आणि तुमच्या साठेखतात समजा ४५ दिवसांत पूर्ण रक्कम द्यायची अट आहे. मधल्या काळात विक्रेता टोकनावर डोळा ठेवून बसतो.

माझ्या नोकरीच्या काळात एका गिऱ्हाइकाच्या फाइलीत नोंदणीची मूळ पावतीच निघाली नाही. करारनामा होता, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) होता, पावती नाही. पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, हमीपत्र, असं करत दोन महिने गेले. तोवर त्याचा सौदा मोडला. म्हणून कर्ज वळवण्याआधी जुन्या कंपनीकडून जमा कागदांची यादी मागवा आणि आपल्या झेरॉक्सशी ताडून बघा.

यारा_काठी

काका, हा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे. इथे मालकीची नोंद ऑनलाइन असते, त्यामुळे पावती हरवण्याचं सुख आम्हाला नाही.

तळजाईकर

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, ऑफिसचं रिलीज होतं.

महारेरावर प्रकल्प सापडला. मंजूर नकाशा पार्किंग अधिक सहा मजले. सातव्याचा सुधारित नकाशा 'प्रस्तावित' म्हणून दाखवलाय. ब्रोकरला विचारलं तर म्हणाला, "साहेब, एवढं खोलात कुणी जात नाही." विक्रेत्याला टोकन देणार नाही असं कळवलं. त्याने ४९ लाखांवर उतरायची तयारी दाखवली, मी नको म्हटलं.

जुन्या कंपनीचं उत्तर आलं. फी घेऊन ८.४ देतो म्हणाले. फोरक्लोजर लेटर मागितल्यावर ८.१ वर आले, काकांनी सांगितलेला गोड फोनही आला. बँकेचा ७.६ रेपोशी जोडलेला आहे, त्यामुळे कर्ज वळवतोय. १९ लाखच, मुदत ९ वर्षंच, टॉप-अप शून्य. एजंट आता फोन उचलत नाही.

दुसऱ्या घराचं मनातून गेलेलं नाही. बायकोचं म्हणणं आहे की पूर्ण ओसीचा १ बीएचके शोधू आणि त्याच्यावरच गृहकर्ज काढू. ते पुढच्या वर्षी.

शेअरखोर

मधल्या वर्षभरात त्या १४ लाखांचं काय करणार? विचारतो फक्त.

डोंबिवली_फास्ट

आला! मी म्हटलं कधी येतोय.

मुळाकाठ

८.१ आणि ७.६ मधला अर्धा टक्का १९ लाखांवर ९ वर्षांत साधारण ५० हजार होतो. वळवण्याचा सगळा खर्च किती सांगितलाय? तो २०-२५ च्या वर असेल तर एवढ्या खटाटोपाचं फळ फारसं नाही, हे एकदा बघा.

तळजाईकर

बँकेने प्रोसेसिंग फी माफ केली आहे. वकील, मूल्यांकन आणि गहाणाचं मुद्रांक शुल्क धरून २० च्या आत बसतंय. खरं कारण असं की पुढे दर कमी झाले तर दरवेळी फोरक्लोजर लेटरचं नाटक करायला मला जमणार नाही.

कऱ्हाडकर_७२

धागा उशिरा वाचला. माझंही हाउसिंग फायनान्सचं कर्ज आहे, ९.४ ने. बँकेत वळवायचंय. कर्जासोबत १५ वर्षांचा विमा घ्यावाच लागेल असं बँकेचा माणूस म्हणतो, ७८ हजार एकरकमी, तेही कर्जात मिळवून. खरंच सक्ती आहे का?

जोशीकाका_निवृत्त

नाही. विमा असावा हे चांगलं, पण तो त्याच बँकेकडून, त्याच कंपनीचा, कर्जात मिळवूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही. 'मला नको' असं ईमेलवर लिहा आणि उत्तर लेखी मागा, बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो. स्वतंत्र टर्म विमा असेल तर त्याची प्रत जोडा. कर्जात मिळवलेल्या विम्याच्या हप्त्यावरही तुम्ही १५ वर्षं व्याज भरणार आहात.

आणि तुम्हा दोघांनाही: कर्ज वळवून झालं की जुन्या कंपनीचं एनएसीएच मॅन्डेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) बंद झाल्याचं बँकेत जाऊन बघा, नाहीतर पुढच्या महिन्यात दोन्हीकडून हप्ता कापला जातो. नव्या गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन (नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना) ३० दिवसांत ऑनलाइन भरायची असते, ती बँक भरते की तुम्ही, हे आधी विचारून घ्या. जुन्या कंपनीच्या ना-हरकत पत्राची एक प्रत सोसायटीलाही द्या. सोसायटीच्या दप्तरी जुना बोजा तसाच राहतो आणि कमिटी बदलली की नवा सेक्रेटरी त्यावरून अडवतो.

कऱ्हाडकर_७२

धन्यवाद काका. आमच्याकडे सेक्रेटरी मीच आहे, त्यामुळे शेवटचं काम सोपं.